राउटिंग कॅशे आणि सेवा-रोध हल्ले : लिनक्समधील एका रचनेची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकजाळ्यातील सेवा बंद पाडणाऱ्या हल्ल्याचा विचार करताना सामान्यतः पॅकेटांचा प्रचंड लोंढाच डोळ्यांसमोर येतो. जुलै २०१६ मध्ये मुंबई परिसरातील काही इंटरनेट सेवा पुरवठादारांना अशा लोंढ्याचा फटका बसला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. परंतु मोजक्या, मात्र हेतुपूर्वक निवडलेल्या पॅकेटांनीही एखादे यंत्र ठप्प करता येते. अशा वेळी दोष वाहिनीच्या क्षमतेत नसून ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेत असतो. लिनक्समधील राउटिंग कॅशे हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या रचनेची व तिच्यावर योजलेल्या उपायांची चिकित्सा केली आहे.

रचना व तिचे गृहीतक

आलेले पॅकेट कोणत्या वाटेने पुढे पाठवावे, हे राउटिंग तक्त्यावरून ठरते. पातूरच्या बसस्थानकावरील चौकशी खिडकीची कल्पना करावी. येथून एक रस्ता अकोल्याकडे, दुसरा बाळापूरकडे आणि तिसरा घाट चढून मालेगाव-वाशीमकडे जातो. दिशा मोजक्या असल्याने तक्ता लहानच राहतो. तथापि कारकुनाने प्रत्येक प्रवासी कोठून आला, त्यास कोठे जायचे आहे आणि काय उत्तर दिले, हे वहीत टिपून ठेवले, तर तीच विचारणा पुन्हा झाल्यास उत्तर चटकन देता येते. ही वही म्हणजे कॅशे. तक्त्याचा आकार व्यवस्थापक ठरवितो. वही किती फुगावी हे मात्र विचारणारे ठरवितात. या रचनेचे मर्म आणि तिची दुर्बलता दोन्ही याच भेदात आहेत.

वहीतील नोंद लवकर सापडावी म्हणून हॅश पद्धतीने नोंदी निरनिराळ्या खणांत विभागल्या जातात. दहा हजार नोंदी दहा हजार खणांत सारख्या विखुरल्या, तर एक-दोन तुलनांत काम भागते. त्या सर्व एकाच खणात गोळा झाल्या, तर एका शोधासाठी सरासरी पाच हजार तुलना कराव्या लागतात. खण ठरविण्याचे सूत्र जाहीर असेल, तर पाठविणाऱ्याचे खोटे पत्ते लिहून पॅकेटे मुद्दाम एकाच खणात ढकलता येतात. मे २००३ मध्ये लिनक्स २.४ संदर्भात हीच उणीव उघड झाली. त्याच वर्षी राइस विद्यापीठातील स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलाक यांनी या प्रकारच्या हल्ल्यांचे सर्वसाधारण विवेचन केले. त्यांच्या प्रयोगात ब्रो या जाळे-निरीक्षक प्रणालीला साध्या डायल-अप मोडेमपेक्षाही कमी वेगाने निवडक पॅकेटे पाठविली असता, सहा मिनिटांनंतर ती ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक गमावू लागली.

उपायांची चिकित्सा

लिनक्समध्ये पहिला उपाय म्हणून सूत्रात एक गुप्त यादृच्छिक अंक मिसळण्यात आला. पुढे हा अंक ठरावीक काळाने, मूळ मांडणीनुसार दर दहा मिनिटांनी, बदलण्याची सोय झाली. यामुळे खण ओळखणे अवघड झाले, हे मान्य करावे लागेल. परंतु वहीत लिहिण्याचा अधिकार परक्याकडेच राहिला. निरनिराळे पत्ते असलेली पॅकेटे पाठवून साठा फुगविणे आणि उपयोगी नोंदी बाहेर ढकलणे तरीही शक्य होते. हा उपाय पथ्यासारखा होता; व्याधी कायम होती.

मूलगामी उपाय २०१२ मध्ये झाला. लिनक्स ३.६ आवृत्तीतून आयपीव्ही४ची राउटिंग कॅशेच काढून टाकण्यात आली. तक्त्यातच शोध घेणारी वृक्षरचना तोवर पुरेशी वेगवान झाली होती. काही प्रसंगी प्रत्येक शोधाचा खर्च थोडा वाढला. मात्र तो खर्च परक्याच्या इच्छेवर अवलंबून राहिला नाही. ही तडजोड योग्यच म्हणावी लागेल.

तथापि हा धडा सर्वत्र एकाच वेळी गिरविला गेला नाही. आयपीव्ही६मधील नोंदींच्या साठ्यावर ४,०९६ ही कमाल मर्यादा होती. एखाद्या यंत्रावरून विशिष्ट रीतीने सतत पॅकेटे सोडल्यास ती सहज भरत असे आणि 'नेटवर्क गाठता येत नाही' असा दोष येत असे. ही स्थिती ६.३ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, पालटली. साठा अमर्याद वाढू नये म्हणून घातलेली मर्यादाच येथे अडथळ्याचे साधन ठरली.

निष्कर्ष

हॅश तक्त्याचा सरासरी शोधकाळ स्थिर असतो, हे विधान विद्यार्थी पाठ करतात. ते खोटे नाही. पण नोंदी कोणाच्या हेतूने येतात, हा प्रश्न त्यात गृहीत धरलेला असतो. खुल्या जाळ्यात सरासरी ही निसर्गाची देणगी नसून समोरच्याच्या सद्भावावर टेकलेली गोष्ट आहे. म्हणून कोणत्याही साठ्याचे मूल्यमापन करताना वेगाच्या आधी, त्यात लिहिण्याचा अधिकार कोणास आहे, हे तपासले पाहिजे. संगणकशास्त्राच्या अध्यापनात सर्वात वाईट स्थितीचा विचार तळटीपेतून मुख्य पाठात येणे याच कारणाने आवश्यक ठरते.