वर्दीआधीचं वाचन

विषय तुम्हाला ठाऊक आहे: सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी काय वाचावं. मी सैनिक नाही, माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तेव्हा सोळाशे मीटर किती मिनिटांत धावायचं हे मला विचारू नका; माझ्याकडे बघून कुणी विचारेल असंही वाटत नाही. पुस्तकांच्या याद्यांबद्दल मात्र मी बोलू शकतो, आणि आज थोडी तक्रारच करणार आहे.

एनडीएची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलाच्या टेबलाकडे बघा. त्यावर साधारण तीन ढीग असतात. पहिला गाइडांचा. लेखी परीक्षेला गणिताचे 300 आणि सामान्य क्षमतेचे 600 असे 900 गुण, आणि पुढे एसएसबीचे पुन्हा 900. तेव्हा गाइडं लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गंमत एसएसबीच्या गाइडांची आहे. तिथे एकेक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत सुचेल ते वाक्य लिहायला सांगतात. हेतू असा की, मुलाच्या मनात मुळात काय आहे ते दिसावं. आणि आपल्याकडे त्या शब्दांची तयार वाक्यं पाठ करायला पुस्तकं मिळतात! मन उघडं पडू नये म्हणून केलेली तयारी, असं या वाचनाचं वर्णन करावं लागेल.

दुसरा ढीग शौर्यकथांचा. परमवीरांची चरित्रं, कारगिल, 1971. तिसरा ढीग नेतृत्वाच्या पुस्तकांचा. त्यात सन त्झू हमखास असतो, पण बहुधा सुविचार करून, कंपनीत बढती मिळवायलाही तोच चालेल अशा रूपात.

हे तिन्ही ढीग एक गोष्ट गृहीत धरतात: मुलाचा निर्णय झालेला आहे. गाइड त्याला निवडून आणणार, शौर्यकथा त्याचा उत्साह टिकवणार, नेतृत्वाचं पुस्तक त्याला अधिकारी करणार. पण 'जावं की नाही' हा प्रश्न त्याच्यासमोर ठेवणारं एकही पुस्तक त्या टेबलावर नसतं.

आता वय बघा. एनडीएत प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. 2022 पासून अग्निवीर म्हणून भरती होते, ती साडेसतराव्या वर्षापासून. म्हणजे ज्याला अजून मतदान करता येत नाही, असा मुलगा गरज पडली तर मरण्याचा, आणि मारण्याचाही, निर्णय घेतो. आम्ही तत्त्वज्ञानवाले संमती कशाला म्हणतो? कशाला होकार देतोय ते माहीत हवं, आणि नकार देण्याची वाट मोकळी हवी. या दोन गोष्टी नसतील तर ती सही असेल, संमती नसेल. वर्दी चढवण्याआधीच्या वाचनाचं काम हे आहे. ते पुस्तक वाचून मुलाला 'हो' म्हणता आलं पाहिजे आणि 'नाही' म्हणण्याचीही लाज वाटता कामा नये.

कुणी म्हणेल, सर, पोटासाठी जाणाऱ्याला हे काय सांगता? दुष्काळी तालुक्यातल्या मुलाला पगार दिसतो, पेन्शन दिसते. अग्निवीराला तर चार वर्षं, आणि पुढे पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांनाच कायम होण्याची संधी. मला ते मान्य आहे. नोकरी हवी हे कारण हलकं नाही, आणि याद्या करणारे लोक ते कारण जणू नाहीच असं वागतात, तेही मला खटकतं. पण ज्याची निवड गरजेपोटी होते, त्याला तर काय पदरात पडणार हे जास्तच स्पष्ट सांगायला हवं.

तेव्हा ही कसोटी लावून मी पाच गोष्टी सुचवतो. प्रत्येकीतलं उणंही सांगतो.

पहिली गोष्ट पुस्तक नाहीच, एक पत्र आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं, 1670 च्या दशकातलं. आपल्या याद्यांत महाराज असतात ते अफझलखान आणि आग्रा यांच्यासाठी. या पत्रात लढाई नाही. पावसाळा येतोय, दाणावैरण जपून वापरा, नाहीतर ती मधेच संपेल, मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाजी, लाकूडफाटा उचलू लागाल, आणि त्या लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढे तर दिव्याची जळती वात उंदीर गवताच्या गंजीत नेतील, म्हणून रात्री दिवे विझवा, इथपर्यंत बारकावा आहे. राज्यकर्ता उंदराचा विचार करतोय, बघा! हातात शस्त्र असलेला माणूस शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला की काय होतं, हे या दोनेक पानांत आहे. उणीव एवढीच की हा वरून खाली आलेला हुकूम आहे. तो पाळणाऱ्या शिलेदाराचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

दुसरी, विनोबांची 'गीताप्रवचने'. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली, साने गुरुजींनी उतरवून घेतलेली. म्हणजे ही आपल्यासारखीच व्याख्यानं, फक्त श्रोत्यांना उठून जायची सोय नव्हती. सैन्यात जाणाऱ्याला गीता सगळेच सुचवतात, पण दुसऱ्या अध्यायापासून: उठ, लढ. पहिला अध्याय भूमिकेसारखा उरकतात. विनोबा तिथे थांबतात. अर्जुन शस्त्र टाकतो ते अहिंसेमुळे नव्हे, असं ते म्हणतात. आजवर त्याने कितीतरी माणसं मारली होती, आज समोर आपली माणसं आहेत म्हणून त्याला तत्त्वज्ञान सुचतंय. यासाठी ते एका न्यायाधीशाचं उदाहरण देतात. आयुष्यभर फाशी सुनावणाऱ्या त्या न्यायाधीशासमोर आरोपी म्हणून स्वतःचा मुलगा आला, आणि फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे हे त्याला त्या दिवशी पटलं.

हे सांगणारा माणूस स्वतः अहिंसेचा उपासक होता, हे विसरू नका. त्याने वाचकाला सोपी सुटका दिली नाही. तुझी शंका तत्त्वातून आली की मोहातून, हा प्रश्न त्याने ठेवला. मी त्यात भर घालीन की तोच प्रश्न उत्साहालाही विचारावा: तुझा उत्साह तत्त्वातून आला की वर्दीच्या मोहातून? माझा आक्षेप असा की, अर्जुनाच्या शंकेत मोहाबरोबर थोडं खरंही असू शकतं, ते विनोबांच्या हातून निसटतं. तो पुढच्या पिढ्यांचं काय होईल हेही विचारतो. त्याचं उत्तर स्त्रीपर्वापर्यंत मिळत नाही.

तिसरी, ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं 'हिमालयन ब्लंडर', 1969 चं. 1962 च्या ऑक्टोबरात नामका चू नदीच्या काठी सातवी ब्रिगेड त्यांच्या हाताखाली होती. सैनिकांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे, माणशी पन्नासेक गोळ्या, आणि उभं राहायची जागा दिल्लीतून ठरलेली. 20 ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला आणि दोन दिवसांनी दळवी कैदी झाले. शौर्यकथेत हुकूम नेहमी बरोबर असतो, अडचण फक्त शत्रूची असते. इथे हुकूम चुकीचा आहे, अधिकाऱ्याला ते दिसतंय, आणि तरी माणसं पुढे पाठवायची आहेत. हा प्रसंग आपल्यावर आला तर? एसएसबीच्या कुठल्याही गाइडात याचं तयार उत्तर नाही.

पण दळवी दुखावलेले आहेत, आणि दुखावलेला साक्षीदार सगळा दोष बाहेर बघतो. म्हणून त्यांच्याजोडीला आपल्या कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचं आत्मचरित्र 'फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट' वाचा. पूर्व विभागाचे प्रमुख असताना, 1962 च्या आधीच, त्यांनी चीनच्या हल्ल्याची शक्यता धरून योजना आखली होती, वरिष्ठांपुढे ठेवली होती. ती बाजूला राहिली. एकाने वेळेवर सांगितलं आणि ते ऐकलं गेलं नाही, दुसऱ्याने त्या न ऐकण्याची किंमत मोजली. दोघं शेजारी ठेवून वाचले की आज्ञापालन या शब्दाचं वजन कळतं. मतभेद कागदावर मांडणं हेही सैनिकाचंच काम आहे, हे कुणीतरी सतराव्या वर्षी सांगायला हवं.

चौथी, युजीन स्लेज यांचं 'विथ द ओल्ड ब्रीड'. हा अमेरिकन मरीन. अधिकारी होण्याचं प्रशिक्षण मुद्दाम सोडून साधा शिपाई झाला, 1944 ला पेलेलियू आणि 1945 ला ओकिनावा इथे लढला, पुढे जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि 1981 साली पुस्तक आलं. त्यात एक प्रसंग आहे. त्याचे सोबती मेलेल्या जपान्यांच्या तोंडातले सोन्याचे दात काढायचे. एक दिवस तोही काढायला वाकतो. पलटणीतला वैद्यकीय शिपाई त्याला अडवतो, 'जंतू असतात' म्हणतो. स्लेजला नंतर उमजतं, जंतूंचं निमित्त होतं, तो आपली माणुसकी वाचवत होता. चांगल्या घरचा, अभ्यासू मुलगा इथवर येऊ शकतो, हे कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. आणि दुसरं काळीज त्या वैद्यकीय शिपायाचं, ज्याने उपदेश न करता मित्राला थांबवलं. स्लेजच्या भाषेत शत्रूबद्दलचा जुना द्वेष अधूनमधून डोकावतो, त्याला शहाणपण समजू नका.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. असलं वाचून पोरं घाबरतील, भरतीला माणसं मिळणार नाहीत. तर ऐका: हे पुस्तक अमेरिकन मरीन कोरच्या कमांडंटच्या अधिकृत वाचनयादीत होतं. लढण्यासाठीच ओळखली जाणारी ती फौज आपल्या माणसांना सोन्याच्या दातांची गोष्ट वाचायला देते. सत्य सांगितल्याने फौज खचते असं तिच्या प्रमुखांना वाटलं नाही. आपणच का धरून चाललोय?

पाचवी गोष्ट मुलींसाठी, अर्थात मुलांनीही वाचावी. 2022 ला एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे 2025 मध्ये त्यांतल्या 17 जणी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्यासाठी असलेल्या याद्या तशाच राहिल्या. स्वेतलाना अलेक्सिएविच या बेलारूसच्या लेखिकेने दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांना बोलतं केलं. 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर' हे ते पुस्तक 1985 ला आलं, लेखिकेला 2015 चं नोबेल मिळालं. त्यात बंदूकधारी स्त्रिया आहेत, रणगाड्यावरच्या आहेत, परिचारिका आहेत. पुरुषांच्या मापाचे बूट, कापलेल्या वेण्या, आणि जिंकून घरी आल्यावर 'आघाडीवर राहून आलेली' म्हणून समाजाने केलेला संशय. शत्रूने दिला नाही तो त्रास विजयानंतर गावाने दिला. हे मुलींनी जाण्याआधी वाचावं, आणि त्यांच्या घरच्यांनी त्या परत येण्याआधी. एक सावधगिरी: लेखिका साक्षींची निवड आणि जुळणी स्वतः करते, तेव्हा ते इतिहासाचं दप्तर समजून वाचू नये.

आता, ही पाचही वाचायला वेळ कुठे, असं मुलं म्हणतील. रास्त आहे. परीक्षेआधी फक्त पत्र आणि विनोबांची पहिली दोन-तीन प्रवचनं वाचा. मराठीत आहेत, एका रविवारी होतात. निकाल लागल्यावर, रुजू होण्याआधी जे महिने मिळतात त्यांत दळवी आणि स्लेज. बाकीचं सवडीने.

आणि इंग्रजी जड जात असेल तर आणखी एक वाट आहे. साताऱ्याकडे गावागावांत निवृत्त सुभेदार, हवालदार आहेत. अपशिंगे तर 'मिलिटरी' हे नाव लावूनच ओळखलं जातं. त्यांच्याकडे जा. पदकाबद्दल विचारू नका, ते भिंतीवर दिसतंच. काही घडत नाही असा चौकीवरचा दिवस कसा जातो, रजा नाकारली तेव्हा घरी काय चाललं होतं, कधी एखादा हुकूम पटला नाही तेव्हा काय केलंत, असं विचारा. त्यांनी बोलायचं टाळलं, तर तेही लक्षात ठेवा.

पालकांना आणि अकादम्या चालवणाऱ्यांना एवढंच सांगतो. तुमच्या कपाटात दोनशे गाइडं आहेत, त्यांच्या शेजारी यांतली दोन पुस्तकं ठेवा. वाचून एखादा मुलगा म्हणाला, 'सर, मला नाही जमणार', तर तुमच्या निकालाचा टक्का एकाने कमी होईल. तो मुलगा चार वर्षांनी सीमेवर हे म्हणण्यापेक्षा आज तुमच्या वर्गात म्हणाला, यात त्याचंही भलं आहे आणि त्याच्या शेजारच्या खंदकात उभं राहणाऱ्याचंही. आणि जो सगळं वाचून तरीही जाईन म्हणेल, त्याचा होकार त्याचा स्वतःचा असेल.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. मघापासून मागच्या रांगेत दोन हात वर आहेत, तिथूनच सुरुवात करू.