दृश्य आणि द्रष्टा : ‘निर्गम’ व भगवद्गीता यांतील दर्शनविषयक विसंगती

धर्मग्रंथांतील परस्परविरोधी विधाने हा सामान्यतः श्रद्धेच्या मंडनाचा किंवा खंडनाचा विषय मानला जातो. तौलनिक साहित्याभ्यासापुढील प्रश्न निराळा आहे. संहिता सिद्ध करणाऱ्यांनी हे विरोध का राहू दिले आणि त्यांतून कोणता अर्थ निष्पन्न होतो, हे त्याला पाहावयाचे असते.

‘निर्गम’ या हिब्रू ग्रंथाच्या २४व्या अध्यायात मोशे व त्याच्यासोबतचे सत्तर वडीलजन पर्वतावर इस्राएलच्या देवाला पाहतात आणि त्यानंतर खातात-पितात. ३३व्या अध्यायात मात्र देवाचे मुख पाहून मनुष्य जिवंत राहू शकत नाही, असे मोशेला बजावले जाते. त्याच अध्यायात थोडे आधी देव त्याच्याशी समोरासमोर, मित्राप्रमाणे बोलतो असाही उल्लेख आहे. बोलणे आणि पाहणे यांतील भेद ध्यानी घेतल्यास हा दुसरा विरोध सौम्य होतो. पहिला होत नाही.

त्याच्या निराकरणाचे प्रयत्न प्राचीन आहेत. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात वडीलजन देवाला नव्हे, तर देव जेथे उभा होता ती जागा पाहतात. ओंकेलोसच्या अरामी तार्गुमात ते देवाचे तेज पाहतात. बाराव्या शतकात मैमोनिदीजने अशा ठिकाणी ‘पाहणे’ म्हणजे बुद्धीने जाणणे असा अर्थ लावला. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेनप्रभृती अभ्यासकांनी भिन्न स्रोतांची मीमांसा पुढे आणली. प्रत्येक उपपत्ती काहीतरी उलगडते. परंतु दोन्ही विधाने एकत्र वाचताना होणारा आघात प्रत्येकीत बोथट होतो. ३३व्या अध्यायाचा शेवट स्वतःचाच मार्ग सुचवितो. खडकाच्या कपारीत उभ्या असलेल्या मोशेला देवाची पाठ दिसते, मुख दिसत नाही. येथे दृश्याचेच विभाजन केलेले आहे.

गीतेच्या अकराव्या अध्यायात विभाजन नाही, समग्र विश्वरूप आहे. बदलतो तो द्रष्टा. अर्जुनाच्या चर्मचक्षूंना जे अशक्य ते दिव्यचक्षूंनी शक्य होते. तरीही विसंगती उरतेच. हे रूप अर्जुनाखेरीज पूर्वी कोणी पाहिलेले नाही, असे कृष्ण सांगतो. परंतु उद्योगपर्वात कौरवसभेत तो आपले विराट रूप प्रकट करतो आणि भीष्म, द्रोण, विदुर व संजय यांना दिव्यदृष्टी देतो. ती दोन रूपे भिन्न होती, असे समाधान देता येते. मात्र गीतेतील विधानाचे प्रयोजन इतिहासकथन नसून अर्जुनाच्या अनुभवाचे अनन्यत्व स्थापन करणे हे आहे, असे मानणे संदर्भाशी अधिक सुसंगत ठरते. वेदाध्ययन, तप व दान यांनी अप्राप्य असलेले हे दर्शन अनन्य भक्तीने सुलभ होते, असे तोच अध्याय अखेरीस सांगतो. म्हणजे निषेध साधनांचा आहे, दर्शनाचा नव्हे.

हा भेद मराठी भाषांतरकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘दर्शन’ या शब्दात देवाने भक्ताकडे पाहण्याचा, कृपेचा आणि भेटीचा अर्थ मुरलेला आहे. ‘निर्गम’मधील प्रसंगांसाठी हा शब्द योजला, तर तेथील मृत्युभय लोपते आणि मोशेची विनंती मंदिरातील भाविकाच्या मागणीसारखी भासू लागते. याउलट ‘पाहणे’ हे साधे क्रियापद राखले, तर वाचकापुढे विरोध उघडा राहतो. दोन परंपरांमध्ये साम्य दाखविण्याच्या उत्साहात हा उघडेपणा झाकला गेला, तर दोहोंनी एका प्रश्नाला दिलेली भिन्न उत्तरेही दृष्टीआड होतात.