सद्गुणाचे संगीत आणि पोटाचे संगीत

युरोपीय प्रबोधनाने माणूस केंद्रस्थानी आणला, असे आम्ही प्राध्यापक वर्गात सांगतो. कोणता माणूस, हे मात्र सांगत नाही. हा प्रश्न त्या काळच्या शिक्षणविचाराला विचारायचा असेल, तर संगीताची कसोटी लावून पाहावी.

इटलीतील मानवतावाद्यांनी संगीताला शिक्षणात मानाचे स्थान दिले. १४०२ च्या सुमारास व्हेर्जेरिओने पादुआच्या सत्ताधारी घराण्यातील मुलासाठी शिक्षणावर ग्रंथ लिहिला. अक्षरविद्या, व्यायाम, संगीत आणि चित्रकला या ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या चार विषयांची चर्चा त्यात आहे. सूर-तालाने मनाला प्रमाण येते आणि असे मन सद्गुणाकडे वळते, ही प्लेटोपासून चालत आलेली धारणा त्यामागे होती. विचार मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण ॲरिस्टॉटलनेच त्याला एक अट घातली होती. स्वतंत्र नागरिकाच्या मुलाने वादन शिकावे, मात्र धंदेवाईक वादकाइतके नव्हे. पैशासाठी वाजवणे हे त्याच्या लेखी हीन काम. ही अट प्रबोधनानेही उचलली. कास्तील्योनेच्या १५२८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दरबारी' या संवादग्रंथात, आदर्श दरबाऱ्याला संगीत आलेच पाहिजे, असे प्रतिपादन आहे. तथापि त्याने ते करमणूक म्हणून, जणू आग्रहाखातर करावे. हलक्या कुळातील लोकांपुढे किंवा मोठ्या जमावापुढे करू नये, असेही त्यात बजावले आहे.

हा केवळ प्रदर्शनाच्या हौसेला घातलेला आवर आहे, असे कोणी म्हणेल. मग श्रोत्याचे कूळ कशाला पाहायचे? दरबारात पगारी वादकही होतेच. ल्यूट तेच, सूर तेच. उमरावाच्या हातात तो सद्गुण ठरतो आणि वादकाच्या हातात चाकरी. म्हणजे सद्गुण सुरात नव्हता, कुळात होता. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी हे ग्रंथ वाचतो, तेव्हा त्यांनी दाराबाहेर ठेवलेला श्रोता मला आधी दिसतो.

त्या काळी दुसरी वाट शक्यच नव्हती, हा बचावही टिकत नाही. व्हित्तोरिनो दा फेल्त्रे याने १४२३ साली मांतुआत शाळा काढली. तेथे गोन्झागा राजपुत्रांबरोबर गरिबांची मुले विनाशुल्क शिकत आणि अभ्यासात संगीतही होते. अर्थात गरिबाचा हा प्रवेश एका शिक्षकाच्या औदार्यावर अवलंबून होता. तो हक्क नव्हता.

नेपल्समध्ये १५३७ साली सांता मारिया दी लोरेतो हा अनाथाश्रम निघाला. अशा आश्रमांना 'कॉन्झर्व्हातोरिओ', म्हणजे मुलांना सांभाळण्याची जागा, म्हणत. सतराव्या शतकात तेथे पोट भरण्याची विद्या म्हणून संगीत शिकवले जाऊ लागले. मुलांच्या गायन-वादनातून आश्रमाला उत्पन्नही मिळे. आज पाश्चात्त्य जगातील संगीतविद्यालये याच शब्दाने ओळखली जातात. तत्त्वज्ञांनी ज्याला हलके मानले, त्या पोटाच्या संगीतातून हे नाव आले आहे.

संगीत माणूस घडवते, हा सिद्धांत खरा असेल तर तो अनाथ मुलालाही लागू झाला पाहिजे. प्रबोधनकाळाच्या या ग्रंथांचे मूल्यमापन आपण याच कसोटीवर करावे, आणि विद्यार्थ्यांना ते शिकवताना ही अट वगळून शिकवू नये.