विटा, सिमेंट आणि चेतासंस्था : एका उपमेची तपासणी

‘पेशी म्हणजे शरीराच्या विटा’ हे वाक्य बहुतेक वर्गांत ऐकू येते. लहान मुलांसाठी ही उपमा चालून जाते. पण पुढे एखादा विद्यार्थी विचारतो, ‘मग या विटा एकमेकींना चिकटतात कशाने?’ तेव्हा ‘त्यांच्यामध्ये सिमेंटसारखा पदार्थ असतो’ असे सांगून आपण मोकळे होतो. आमचा आक्षेप या दुसऱ्या वाक्याला आहे. चेतासंस्थेची घडण समजून घेताना ही उपमा अपुरी तर पडतेच, शिवाय चुकीच्या वाटेने नेते.

1955 साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. उभयचर प्राण्यांच्या गर्भातील, पुढे त्वचा होणाऱ्या आणि पुढे चेतासंस्था होणाऱ्या पेशी त्यांनी अल्कधर्मी द्रावणात सुट्या केल्या व एकत्र मिसळल्या. द्रावण पूर्ववत करताच पेशींचा गोळा झाला. मात्र काही काळाने त्वचेच्या पेशी बाहेर आणि चेतासंस्थेच्या पेशी आत, अशी त्यांची आपोआप विभागणी झाली. सिमेंट अशी निवड करीत नाही. पेशींच्या पृष्ठभागावर आपल्यासारखीला ओळखणारे काहीतरी असले पाहिजे, हे यातून दिसले. हेच ते आसंजन-रेणू, म्हणजे पेशींना परस्परांशी बिलगवणारी प्रथिने. जपानमध्ये ताकेइची यांनी त्यांतला कॅल्शियमवर अवलंबून असणारा गट शोधला. त्याला कॅडहेरिन म्हणतात.

मेंदू आणि मज्जारज्जू यांची सुरुवात एका चपट्या पट्टीने होते. पट्टीच्या कडा वर उचलल्या जातात, जुळतात आणि चेतानलिका तयार होते. या वेळी पट्टीतील पेशी ई-कॅडहेरिन बनवणे थांबवून एन-कॅडहेरिन बनवू लागतात. त्वचेच्या पेशी ई-कॅडहेरिनच ठेवतात. 1990 साली बेडकाच्या गर्भात त्वचेच्या पेशींनाही एन-कॅडहेरिन बनवायला लावले, तेव्हा नलिका त्वचेपासून नीट सुटी झाली नाही. म्हणजे येथे चिकटण्याइतकेच सुटणेही महत्त्वाचे आहे.

नलिका झाल्यावर चेतापेशींचे लांब तंतू आपापल्या ठिकाणाकडे वाढू लागतात. अजिंक्यताऱ्याची उभी चढण चढताना हात कडेचा दगड धरतो आणि सोडतो. धरूनच ठेवला तर वर जाणे होणार नाही. तंतूच्या टोकाचेही असेच आहे. एन-कॅम या रेणूवर गर्भावस्थेत शर्करेच्या लांब साखळ्या असतात. त्या पकड सैल ठेवतात आणि पेशींना सरकू देतात. वय वाढते तशा मेंदूच्या बहुतेक भागांत त्या कमी होतात. फळमाशीतील डीएसकॅम या रेणूची तर 38,016 रूपे संभवतात. एकाच चेतापेशीच्या दोन फांद्या भेटल्या, की समान रूपे एकमेकांना ओळखतात आणि फांद्या दूर होतात. आसंजनाच्या कुळातला रेणू येथे दूर सारण्याचे काम करतो!

अर्थात, सिमेंटऐवजी ‘एक जादूचा रेणू’ शिकवणे हीही चूकच ठरेल. 1977 च्या सुमारास एडेलमन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भातून एन-कॅम शोधला, तेव्हा त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. 1994 मध्ये एन-कॅम नसलेले उंदीर तयार केले गेले. ते जगले, त्यांना पिल्लेही झाली. त्यांच्या मेंदूतील गंधाचा भाग मात्र लहान होता आणि जागा लक्षात ठेवण्यात ते कमी पडत. हे काम अनेक रेणू वाटून घेतात, असा याचा अर्थ.

हा वाद केवळ उपमेचा नाही. ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरली तर बाळात व्यंग येते, ही समजूत सातारा-सांगलीकडे आजही ऐकू येते. डॉ. नरेंद्र दाभोलकर (1945-2013) साताऱ्याचे, सांगली-मिरजेत शिकले. अशा समजुतींविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचले. ‘ग्रहणाने काही होत नाही’ एवढे सांगितले, की ऐकणारी बाई विचारते, ‘मग कशाने होते?’ त्या प्रश्नाला वर्गात उत्तर मिळायला हवे. चेतानलिका गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मिटते. पुष्कळदा मातेला गर्भ राहिल्याचे तेव्हा कळलेलेही नसते. एल-1 या आसंजन-रेणूच्या जनुकात बिघाड असेल तर मुलग्यांच्या डोक्यात पाणी साठण्याचा एक आनुवंशिक विकार होतो, हे 1992 मध्ये कळले. अशा सर्वच रुग्णांचे कारण हे नसते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ते मुलाला आईकडून येते. पण त्यात आईने केलेले वा टाळलेले काहीही नसते, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

तेव्हा विटा हव्या तर राहू द्याव्यात, सिमेंट मात्र फळ्यावरून पुसावे. त्या जागी तीन शब्द लिहावेत : ओळखणे, धरणे, सोडणे. चेतासंस्थेची घडण या तिन्हींच्या वेळेवर अवलंबून असते.