'द गोल' : ध्येय कोणाचे?

उत्पादन-व्यवस्थापनाच्या पुस्तकाशी तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा काय संबंध, असे काहींना वाटत असेल. पण पुस्तकाचे नावच 'द गोल', म्हणजे ध्येय. हा शब्द कुणी उच्चारला की आम्हाला गप्प बसवत नाही.

एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने जेफ कॉक्स यांच्या साथीने १९८४ साली ही कादंबरी लिहिली. हो, कादंबरीच! नायक ॲलेक्स रोगो कारखान्याचा व्यवस्थापक. ऑर्डरी रखडलेल्या, आणि वरून तंबी : तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर टाळे. त्याला त्याचे जुने शिक्षक जोना भेटतात. ते उत्तरे देत नाहीत, प्रश्न विचारतात. ॲलेक्स अभिमानाने सांगतो, रोबो बसवल्यावर कार्यक्षमता वाढली. जोना विचारतात : विक्री वाढली? खर्च घटला? पडून राहिलेला माल कमी झाला? ॲलेक्स निरुत्तर.

आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कार्याच्या घरी चौघीजणी पोळ्या लाटतायत आणि तवा एकच. पाचवी लाटायला बसली तर काय होईल? लाटलेल्या पोळ्या साचतील, एकमेकींना चिकटतील. पानात एकही जास्त पडणार नाही. उलट तवा पाच मिनिटे रिकामा राहिला, तर ती पाच मिनिटे सगळ्या पंगतीची गेली. हा तवा म्हणजे बॉटलनेक.

ॲलेक्सला असे दोन तवे सापडतात : एनसीएक्स-१० नावाचे यंत्र आणि हीट ट्रीटमेंटची भट्टी. मग ठरते की जेवणाच्या सुट्टीतही यंत्र थांबू द्यायचे नाही, सदोष भाग त्यावर चढण्याआधीच बाजूला काढायचे आणि बाकीच्यांनी या दोन जागांच्या गतीने चालायचे. त्यात कुणी थोडा वेळ रिकामा बसला तरी चालेल. बघा, 'प्रत्येक हात सतत चालू हवा' या जुन्या समजुतीला हा केवढा धक्का आहे! प्रत्येक भाग जास्तीत जास्त राबला म्हणजे पूर्णाचे भले होतेच असे नाही. पुस्तकाचे खरे मोठेपण आम्हाला इथे दिसते.

आमचा आक्षेप पुढे सुरू होतो. ॲलेक्स मुलांना घेऊन पायी सहलीला जातो. हर्बी नावाचा मुलगा सर्वांत हळू चालतो, त्यामुळे रांग तुटते. ॲलेक्स त्याला पुढे ठेवतो. मग त्याची पाठपिशवी उघडतात तर आत डबे, बाटल्या, चक्क एक लोखंडी तवा! ते ओझे सगळे वाटून घेतात आणि रांग झपझप चालू लागते.

आता विचार करा. हर्बीला मागे सोडूनही वेग वाढला असता. तसे का केले नाही? कारण सर्वांनी मिळून पोहोचणे हेच सहलीचे ध्येय होते. कारखान्याचे ध्येय मात्र पुस्तक सांगते : पैसा मिळवणे. या ध्येयाखाली हर्बीचे ओझे वाटून घेणे आणि हर्बीलाच वगळणे, दोन्ही उपाय सारखेच वैध ठरतात. गोल्डरॅट कपातीचे पुरस्कर्ते नाहीत, त्यांचा भर खर्च छाटण्यापेक्षा थ्रूपुट वाढवण्यावर आहे, हे मान्य. पण हा त्यांचा चांगुलपणा झाला. त्यांनी केलेल्या ध्येयाच्या व्याख्येतून तो निघत नाही.

विभाग हा कारखान्याचा भाग आहे, म्हणून एकट्या विभागाचा हिशेब खोटा, हे गोल्डरॅट आपल्याला पटवतात. मग कारखाना कशाचा भाग आहे? ॲलेक्स ज्या गावात वाढला त्याच गावात हा कारखाना आहे. तो बंद पडला तर गावाचे काय, ही धास्ती कादंबरीत आहेच. तरीही हिशेब कंपनीच्या फाटकापाशी थांबतो. तो तिथेच का थांबावा, याचे कारण पुस्तकात आम्हाला मिळाले नाही.

त्यांच्या पाच पायऱ्यांपैकी शेवटची म्हणते : पुन्हा पहिल्यापासून तपासा, सवयीलाच अडसर होऊ देऊ नका. ही पायरी यंत्राला लावली, नियमांना लावली. ध्येयाला तेवढी लावायची राहिली. जोनांनी विचारलेला पहिला प्रश्न शेवटी पुन्हा एकदा विचारायला हवा होता.

पुस्तक जरूर वाचा. कारखाना चालवणाऱ्यांनी तर वाचाच. आणि 'पैसा' हे उत्तर आले की पान उलटण्याआधी थोडे थांबा. आता तुमचे प्रश्न घेऊ.