शेवटची ओळ

लेखक पहिल्या ओळीसाठी रक्त आटवतो. पण इंटरनेटच्या बाजारात सगळ्यांत जास्त पैसा मिळवून देणाऱ्या ओळींपैकी एक तळाशी होती. तिची समीक्षा माझ्या तरी वाचनात आलेली नाही, तेव्हा ते काम मीच अंगावर घेतो.

४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं. जाहिरातीला पैसे कुठले? त्यांत पैसे गुंतवणाऱ्या टिम ड्रेपरनं सुचवलं, जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली एक ओळ टाका : फुकट ई-मेल हवी तर हॉटमेलकडे या. दोघे आधी कचरले. लोकांच्या खाजगी पत्राला आपलं शेपूट कसं लावायचं! शेवटी लावलंच. झालं, प्रत्येक गिऱ्हाईक बिनपगारी विक्रेता बनलं. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना घेतली.

वाङ्मयप्रकार म्हणून यात नवं काही नाही. लहानपणी आमच्याकडे पोस्टकार्ड यायचं : असंच पत्र अकरा जणांना लिहा, लाभ होईल, न लिहाल तर... त्या 'तर'च्या पुढचं वाचून आई मुकाट्यानं अकरा कार्डं आणवायची. एकाचे अकरा, अकरांचे एकशे एकवीस, गणित तेच. फरक रसाचा. पोस्टकार्डात भयानक रस होता. हॉटमेलची ओळ धमकावत नव्हती. पत्र लिहिणारा मित्र हेच वापरतो, एवढं तिच्यावरून आपोआप कळायचं. पुढे पेपालनं गिऱ्हाईक आणणाऱ्याला १० डॉलर आणि येणाऱ्याला १० डॉलर दिले. तिथं रस संपला, रोकड सुरू झाली. ड्रॉपबॉक्सनं दोघांनाही फाइली ठेवायला जादा जागा दिली. निदान दुकानातलाच माल वाटला.

माझा आक्षेप एवढाच, की याला 'स्वस्तात गिऱ्हाईक मिळवणं' म्हणतात. अहो, स्वस्त कुणाला? कंपनीचा खर्च वाचतो तो आपल्या ओळखीपाळखीच्या पुंजीतून. मित्राचं पत्र आलं की आपण विश्वासानं उघडतो. तो विश्वास आईवडिलांनी, शेजाऱ्यांनी, वर्गमित्रांनी जमवलेला. तो असा खर्च होत गेला, तर एक दिवस पत्र उघडण्याआधी माणूस विचारील, "याला काय विकायचंय?"

परवा पुतण्याचा निरोप आला, तब्बल दोन वर्षांनी. "काका, कसे आहात?" मी चष्मा पुसला आणि सविस्तर उत्तर लिहायला बसलो : गुडघा, पाऊस, गच्चीची गळती. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली. या दुव्यावरून खातं उघडा, तुम्हाला १०० रुपये, मला १०० रुपये.

उघडलं. माझे शंभर आले, त्यालाही मिळाले असावेत. गुडघ्याची चौकशी अजून झालेली नाही. मजकूर मात्र मी तसाच ठेवलाय. पुढची योजना निघाली की पाठवीन.