जुनं गाणं नव्या आवाजाशेजारी

 

आजचा विषय रॉक संगीताचा, त्यातही प्रोग्रेसिव्ह रॉकचा आहे. सावद्यात उभं राहून केळीचे भाव सोडून हे काय काढलं, असं काहींच्या मनात येईल. पण प्रश्न ओळखीचा आहे. एखादा गट वीस-तीस वर्षं गातो-वाजवतो. मध्येच त्याचा आवाज बदलतो. निम्मे रसिक म्हणतात, हे आता आमचे राहिले नाहीत. उरलेले म्हणतात, आत्ता कुठे रंग भरला. भजनी मंडळात पेटीशेजारी कीबोर्ड येऊन बसला की आपल्याकडेही हेच भांडण होतं. या भांडणात तथ्य किती, आणि गट टिकण्या-न टिकण्याशी त्याचा संबंध किती, एवढंच आज बघायचं आहे.

आधी शब्दाचा अर्थ. १९६० च्या दशकाच्या अखेरीला इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, युरोपीय शास्त्रीय संगीत आणि जॅझमधून हवं ते उचललं, चार ठोक्यांची सरळ चाल सोडून विषम ताल वापरले. पिंक फ्लॉइडचं १९७३ सालचं ‘मनी’ हे गाणं बरंचसं सात ठोक्यांवर चालतं. ज्यानं रूपक ऐकलाय त्याचा पाय तिथे अडखळणार नाही. या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणाले, म्हणजे पुढे जाणारं. आता गंमत बघा. ज्या गटानं नावातच पुढे जाण्याचं वचन दिलंय, त्याच गटाचा चाहता म्हणतो, ‘१९७३ ला होतात तसेच राहा.’ यात विसंगती आहे, पण ढोंग नाही. माणूस एखादं गाणं मनापासून ऐकतो तेव्हा आपलं त्या वेळचं वयही त्यात ठेवून देतो. होस्टेलची खोली, मित्राकडून आणलेली कॅसेट, परीक्षेची रात्र, सगळं त्या आवाजात अडकलेलं असतं. गटानं आवाज बदलला की त्याला वाटतं, आपली ठेव कुणी परस्पर काढून घेतली.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण घेऊ. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा गट उभा राहिला. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. तेव्हाच्या रॉक गटांचा रिवाज ठरलेला होता. परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची. कॉलेजच्या महोत्सवात टाळ्या त्यालाच पडत. जो जास्त हुबेहूब, तो मोठा. रॉक मशीननं हळूहळू स्वतःची गाणी पुढे आणली आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित गाण्यांचा अल्बम काढला. हा त्यांचा पहिला बदल, आणि आमच्या मते सर्वांत महागडा. कारण श्रोत्याच्या ओळखीचं काही हाती न ठेवता त्याच्यापुढे उभं राहायचं होतं. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला. १९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं. रॉक मशीनचा ‘इंडस क्रीड’ झाला. १९९५ च्या अल्बममध्ये हार्ड रॉकचा भडकपणा कमी होऊन भारतीय वळणाचे स्वर आत आले. याच गटाचं ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणं दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्यांवरून घरोघरी गेलं. १९९७ मध्ये गट थांबला. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, काही जुने आणि काही नवे वादक मिळून पुन्हा उभा राहिला, आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. हा जास्त गडद, जास्त वळणांचा, प्रोग्रेसिव्हकडे झुकलेला. नावाचा अर्थच ‘उत्क्रांत हो’.

म्हणजे अठ्ठावीस वर्षांत एका गटाचे तीन आवाज झाले. नाव बदललं, माणसं बदलली, वाद्यांची मांडणी बदलली. तरी आपण त्याला एकच गट म्हणतो. का म्हणतो?

तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात दिव्याचा दृष्टान्त येतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच असते का? तेल जळून गेलेलं असतं, वात झिजलेली असते. तरी दिवा दुसराच होता असंही कुणी म्हणत नाही. एका क्षणाच्या ज्योतीनं पुढच्या क्षणाची ज्योत पेटवलेली असते, एवढं पुरतं. आपल्याला त्याहून जवळचा दाखला हवा असेल तर बाहेर शेतात आहे. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं. पण जमिनीतला कंद जिवंत असतो, त्यातून पिलं फुटतात. शेतकरी त्यातलं एक जोमदार पील राखतो, बाकीची कापून टाकतो. सगळीच ठेवली तर एकालाही धड घड धरत नाही. एकही ठेवलं नाही तर बाग संपली. पुढच्या वर्षीचा घड नव्या खोडाला येतो, पण केळी त्याच कंदाची असते.

गटाच्या आवाजालाही हाच न्याय लावून बघू. ‘बदलले म्हणून बुडाले’ किंवा ‘बदलले म्हणून वाचले’ असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. बदल कंदातून आलाय की बाजारातून रोप आणून लावलंय, हे तपासलं पाहिजे. आणि ते तपासायची एक साधी कसोटी आहे. नव्या आवाजाच्या शेजारी, त्याच संध्याकाळी, त्याच मंचावर, जुनं गाणं उभं राहतं का? राहत असेल तर कंद जिवंत आहे. जुनं गाणं वाजवताना गटाला लाज वाटत असेल, किंवा जुनं वाजल्यावर नवं पोरकं वाटत असेल, तर काहीतरी तुटलंय.

ही कसोटी परदेशातल्या मोठ्या गटांवर लावून बघू. कॅनडाचा ‘रश’ हा तीन वादकांचा गट. १९७४ पासून २०१५ पर्यंत तीच तीन माणसं. पण आवाज किती बदलला! लांबलचक कथागीतं झाली, १९८० च्या दशकात सिंथेसायझरनं गिटारला मागे रेटलं, चाहते कुरकुरले, पुढे गिटार परत आली. २०१५ च्या मोठ्या दौऱ्यात त्यांनी सारा कार्यक्रम उलटा लावला. सुरुवात नव्या गाण्यांनी, मग एकेक पायरी मागे जात शेवट अगदी पहिल्या दिवसांवर. मंचावरचा डामडौलही कार्यक्रम चालू असतानाच एकेक करून उतरवत नेला. आपल्या प्रत्येक आवाजाची जबाबदारी घेतल्याखेरीज असं करता येत नाही. चाळीस वर्षांतलं कुठलंही वळण त्यांनी लपवलं नाही.

‘किंग क्रिमसन’चं उदाहरण याच्या उलट दिशेचं. १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून शेवटपर्यंत कायम राहिलेला माणूस एकच, रॉबर्ट फ्रिप. १९७४ मध्ये त्यानं गट बंद केला, १९८१ मध्ये नवी माणसं घेऊन इतका वेगळा आवाज आणला की जुन्यांना ओळख पटेना. अगदी आरंभीची गाणी तेव्हा त्यानं जवळजवळ बाजूलाच ठेवली. पण २०१४ पासून त्यानं तीन ड्रमवादक मंचाच्या पुढच्या ओळीत बसवले आणि १९६९ ची गाणी त्या नव्या मांडणीत पुन्हा वाजवली. जुनं परत आलं, पण जुन्या कपड्यांत आलं नाही. या गटात माणसं टिकली नाहीत, आवाज टिकला नाही, काम करण्याची एक शिस्त मात्र टिकली. इथे कंद म्हणजे ती शिस्त.

आणि ‘येस’. १९७० च्या दशकात प्रोग्रेसिव्ह रॉकचा खांब मानला गेलेला गट. १९८३ मध्ये त्यांनी ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ हे चटपटीत, रेडिओजोगं गाणं काढलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नवे चाहते आले, जुने रुसले. तरी गट मोडला नाही. एकाच कार्यक्रमात दोन्ही काळांची गाणी वाजत राहिली, आणि पुढे दोन्ही पिढ्यांचे श्रोते एकाच रांगेत तिकीट काढू लागले. म्हणजे चाहत्याचा राग खरा असला तरी तो मारक असतोच असं नाही. रुसलेला चाहताही चाहताच असतो. तो वाद घालतो, तुलना करतो, जुना अल्बम काढून पुन्हा ऐकतो. गटाला खरा धोका असतो तो ज्याला आता वाद घालावासाही वाटत नाही त्याच्याकडून.

आता इंडस क्रीडकडे परत येऊ. १९९५ चा बदल आमच्या कसोटीला उतरतो. तो अल्बम ऐकणाऱ्याला रॉक मशीनची गाणी परकी वाटत नाहीत. तीच सुरेल कोरसची ओढ, तोच मोकळा गळा. भारतीय स्वर वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखे नाहीत, चालीत मुरलेले आहेत. २०१२ च्या अल्बमबद्दल मात्र आमचं मत थोडं राखून आहे. वादन जास्त पक्कं आहे, रचना जास्त विचारी आहे, पण पहिल्या ऐकण्यात ओठांवर बसणारी चाल कमी सापडते. जुना चाहता तिथे थबकला असेल तर त्याला मागासलेला म्हणता येणार नाही. तरीही पुन्हा उभं राहिल्यावर या गटानं जुनी गाणी टाकून दिली नाहीत, आणि जुन्याच गाण्यांच्या भांडवलावर फिरायचा सोपा रस्ताही धरला नाही. पन्नाशीकडे आलेल्या माणसांनी नवा अल्बम करायला घेतला, हीच त्यांच्या कंदाची साक्ष.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. बदल एवढा खरा होता तर १९९७ मध्ये गट थांबला का? याचं उत्तर आमच्या कसोटीत नाही. आवाज कसा आहे हे एक, आणि तो ऐकवायला जागा आहे का हे दुसरं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर संगीतवाहिन्यांनी हिंदी पॉप आणि चित्रपटगीतांकडे मोहरा वळवला. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय गटाच्या पायाखालचा मंचच सरकला. चाहते रुसले म्हणून गट थांबला, असं म्हणणं चाहत्यांना नको तेवढं महत्त्व देणं होईल.

मराठी माणसाला हे नवं नाही. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा विचार करा. बालगंधर्वांचा गळा, थिरकवाँसाहेबांचा तबला, वन्समोअरवर वन्समोअर. रसिकांचं प्रेम इतकं की ते दुसरं काही मागेनातच. तीच पदं, त्याच स्त्रीभूमिका. १९३० च्या दशकात बोलपट आला, प्रेक्षक तिकडे गेला. बालगंधर्व १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटात पुरुषवेषात उभे राहिले, पण रसिकांच्या मनातली मूर्ती वेगळीच होती. दुसरीकडे ललितकलादर्श. १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी काढली. १९२१ मध्ये ते ऐन उमेदीत गेले. मंडळी त्यांच्याबरोबर संपायला हरकत नव्हती. बापूराव पेंढारकरांनी मामा वरेरकरांची सामाजिक नाटकं घेतली. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी १९५७ मध्ये ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि १९६० मध्ये वसंत देसाईंच्या संगीतानं नटलेलं ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगमंचावर आणलं. गायनाची घडण बदलली, पदं आटोपशीर झाली, पण संगीत नाटकाची नाळ तुटली नाही. बालगंधर्व मोठे की पेंढारकर, हा इथे प्रश्नच नाही. गाण्याच्या मोजमापात बालगंधर्वांशेजारी कुणाला बसवायचं? पण रसिकाचं अतोनात प्रेम एका मंडळीला जागच्या जागी खिळवून ठेवू शकतं, हे आपण ओळखलं पाहिजे. त्या खिळण्यात रसिकाचाही हात असतो.

म्हणून शेवटचा मुद्दा श्रोत्यांसाठी, त्यातही आमच्या पिढीच्या श्रोत्यांसाठी. आवडता गट बदलला की ‘आमच्या वेळचं राहिलं नाही’ हे वाक्य जिभेवर तयार असतं. ते बोलण्याआधी एवढं करून बघा. नवा अल्बम तीनदा ऐका, सलग, फोन बाजूला ठेवून. मग लगेच जुना लावा. जुन्या गाण्यात आजवर न ऐकलेलं काही कानावर पडलं, तर तो बदल तुमच्याही उपयोगाचा होता असं समजा. काहीच नवं ऐकू आलं नाही तर खुशाल टीका करा. ती टीका ऐकून केलेली असेल, आणि कुठल्याही गटाला तिचा उपयोग आहे. आणि तरुणांना एवढंच सांगणं की बदल दिसला म्हणून टाळ्या वाजवू नका. बाजारातून आणलेलं रोपही पहिल्या महिन्यात हिरवंगारच दिसतं.

आता आमचं पुरे. हात वर दिसताहेत, तेव्हा प्रश्नांकडे वळू.